नोटीस आलीच नाही आणि दंड थकला: नो पार्किंगच्या चलानाला हरकत घेण्याआधीची तयारी

ठाण्यात तीन हात नाक्याजवळ बाबांची स्कूटर थांबवली, हवालदाराने यंत्रात नंबर घातला आणि सांगितलं, "काका, दोन चलान पेंडिंग आहेत. नो पार्किंगची. दोन हजार होतात." बाबा ७१ वर्षांचे. १९८० पासूनची विजेची बिलं त्यांच्या कपाटात तारखेवार लावलेली आहेत. उभ्या आयुष्यात कुणाचे पाच रुपये त्यांनी ठेवले नाहीत. त्यांनी तिथेच खिशात हात घातला आणि मला फोन केला, "जीपेचा पिन सांग गं, दंड भरायचाय." मी म्हटलं, "बाबा, थांबा. आज भरू नका. चलानचे नंबर फक्त लिहून आणा."

तयारी इथूनच सुरू होते. हरकत घ्यायची असेल तर आधी पैसे भरायचे नाहीत. भरलेला दंड म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तुम्ही ती मान्य केली आणि प्रकरण मिटलं, असं धरलं जातं. मग "ती गाडी माझी नव्हती" हे सांगायला जागा राहत नाही. रक्कम लहान असली तरी घाई करू नका. कलम १७७ मध्ये पहिल्या वेळेला ५०० रुपयांपर्यंत दंड आहे आणि पुढच्या प्रत्येक वेळेला १५०० पर्यंत. बाबांच्या दोन हजारांची फोड तीच होती: पहिलं चलान ५०० चं, दुसरं १५०० चं. पहिलं कधी कळलंच नाही, त्यामुळे दुसरं आपोआप 'पुन्हा केलेला गुन्हा' ठरलं. म्हणून हरकत दुसऱ्या चलानाला घेण्याआधी पहिल्याकडे बघायचं. पहिलं रद्द झालं की दुसऱ्याची रक्कमही हलते.

घरी आल्यावर पहिलं काम चलान डोळ्यांनी बघण्याचं. राज्याच्या वाहतूक पोलिसांचं ई-चलानचं पोर्टल आहे, महाट्रॅफिक नावाचं ॲप आहे. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात, ते आरसीवर असतात. केंद्राच्या परिवहनच्या ई-चलान पोर्टलवरही एकदा बघून घ्या. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून मात्र यातलं काहीही उघडू नका. 'आरटीओ चलान' अशा नावाच्या फाइली फिरत असतात, त्या मोबाइलमध्ये उतरवल्या की बँकेचं खातं रिकामं होऊ शकतं. पत्ता स्वतः टाइप करा, शेवटी डॉट गव्ह डॉट इन आहे ना ते बघा. प्रत्येक चलान उघडून त्याची पीडीएफ आणि सोबतचे फोटो दोन्ही उतरवून ठेवा, आणि स्क्रीनशॉट असा घ्या की मोबाइलवरची तारीख-वेळ त्यात दिसेल.

मग एक कोरा कागद घ्या आणि त्यावर फक्त तारखा लिहा. गुन्ह्याची तारीख आणि वेळ, चलान तयार झाल्याची तारीख (या दोन वेगळ्या असू शकतात), तुम्हाला पहिल्यांदा कळलं ती तारीख आणि कसं कळलं ते. शेवटी त्या दिवशी आरसीवर कोणता पत्ता आणि कोणता मोबाइल नंबर होता. पुढे अर्जात, काउंटरवर, लोकअदालतीत किंवा कोर्टात जे काही बोलाल ते या कागदावरून बोलाल. मी तो फाइलच्या आतल्या बाजूला चिकटवला होता.

आता मुद्द्याची गोष्ट. 'मला नोटीस मिळाली नाही' हे वाक्य एकटं टिकत नाही. समोरचा माणूस ते दिवसातून पन्नास वेळा ऐकतो. नोटीस गेली असेल तर कुठे गेली आणि गेली नसेल तर ते कशावरून, हे दाखवणारा एक कागद त्याला जोडला की ते वाक्य उभं राहतं. शोध दोन ठिकाणी घ्यायचा, मोबाइल नंबर आणि पत्ता.

मोबाइल नंबर आधी बघा, कारण चलानचा पहिला मेसेज तिथेच जातो. परिवहनच्या पोर्टलवर गाडीला जोडलेल्या नंबरचे काही आकडे दिसतात. बाबांच्या स्कूटरला जोडलेला नंबर आमच्या घरात कुणाचाच नव्हता. गाडी घेताना ज्या एजंटने पासिंगचं काम केलं, त्याने स्वतःचा नंबर टाकून दिला होता. म्हणजे सगळे मेसेज एका अनोळखी माणसाच्या फोनवर जात होते आणि बाबा दररोज त्याच स्कूटरवरून जांभळी नाक्याला भाजीला जात होते. मला त्या वेळी फार राग आला. पण रागाचा अर्जात उपयोग नसतो. मी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढला, आणि बाबांच्या नावावर असलेल्या नंबरचं गेल्या काही वर्षांतलं एक बिल जोडलं, म्हणजे तो नंबर आधीपासून चालू होता हे दिसेल.

पत्त्याचं ठाण्यात एक वेगळंच दुखणं आहे. नौपाडा, पाचपाखाडी, चरई, विष्णूनगर, कुठेही बघा, जुन्या तीन मजली इमारती पुनर्विकासाला गेल्या आहेत. माणसं तीन-चार वर्षं उथळसरला नाहीतर घोडबंदर रोडला भाड्याने राहतात आणि आरसीवर पत्ता त्या इमारतीचा असतो, जिथे आज पत्रे ठोकलेले आहेत आणि आत क्रेन उभी आहे. पोस्टमनने पत्र द्यायचं कुणाला? अशांनी सोसायटीकडून इमारत रिकामी केल्याची तारीख लिहिलेलं पत्र घ्यावं, आणि भाडेकराराची झेरॉक्स. पण याची दुसरी बाजू नीट समजून घ्या. कलम ४९ नुसार पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत कळवण्याची जबाबदारी गाडीमालकाची आहे. तुम्ही कळवलं नसेल तर 'पत्ता जुना होता' हा मुद्दा तुमच्यावरच उलटू शकतो. योग्य पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवलेलं पत्र पोचलं, असं कायदा धरून चालतो. ते पोचलं नाही हे दाखवणं तुमच्याकडे येतं. त्यामुळे पत्ता बरोबर असेल तर तो मुद्दा जोरात मांडा. पत्ता जुना असेल तर तो खरं खरं सांगा, पण हरकतीचा भार त्यावर टाकू नका. भार फोटोवर टाका.

फोटो मोठा करून बघणं हा या तयारीतला सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास आहे. मोबाइलवर नको, संगणकावर बघा. बाबांचं पहिलं चलान दुसऱ्या एका शहराच्या हद्दीतलं होतं, आणि बाबा म्हणत होते की मी तिकडे गेलोच नव्हतो. मी फोटो मोठा केला. रस्त्याच्या कडेला राखाडी स्कूटर, मागे डबे नेतात तसा लोखंडी कॅरियर, नंबरप्लेट जुन्या पद्धतीची, रंगवलेली, आणि खालचा अर्धा भाग चिखलाने माखलेला. शेवटून दुसरा आकडा ३ होता. चिखलाची एक रेघ त्याच्या डाव्या बाजूने वर गेली होती, म्हणून घाईत तो ८ वाचला गेला. आमची स्कूटर गडद लाल. तिच्या मागच्या मडगार्डवर 'आई एकवीरा'चा स्टिकर आहे आणि प्लेट उच्च सुरक्षेची, स्क्रूऐवजी रिव्हेट मारलेली, डाव्या कोपऱ्यात होलोग्रामची. बाबांनी फोटो बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला आणि म्हणाले, "ही आपली नाहीच." आठवडाभरात पहिल्यांदा ते सरळ बसले.

तेव्हा फोटोत काय काय बघायचं ते सांगते. गाडीचा रंग, मॉडेल, आरसा, कॅरियर, स्टिकर, पोचा, प्लेटचा प्रकार. एकेक आकडा बोट ठेवून वाचा. ३ आणि ८, १ आणि ७, ० आणि ६ यांत गफलत होते. फोटोतली वेळ आणि चलानावरची वेळ जुळते का? उजेड त्या वेळेचा आहे का? मागच्या दुकानाची पाटी चलानात लिहिलेल्या रस्त्यावरची आहे का? आणि नो पार्किंगचा फलक फोटोत कुठे आहे? निळ्या गोलात लाल कडा आणि एकच तिरकी लाल पट्टी म्हणजे नो पार्किंग. दोन पट्ट्यांची फुली असेल तर तिथे थांबायलाच मनाई. स्वतःच्या गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, जमलं तर फोटोतल्याच कोनातून, आणि दोन्ही प्रिंट एकाच पानावर शेजारी शेजारी लावा. काउंटरवरच्या माणसाला वाचायला वेळ नसतो, पण शेजारी लावलेले दोन फोटो तो बघतोच.

गाडी तुमचीच असेल तर त्या जागेवर स्वतः जाऊन या. नौपाड्यात, राम मारुती रोडच्या आसपास सम-विषम तारखांचं पार्किंग आहे, पी-१ आणि पी-२ चे फलक. चलानाची तारीख सम होती की विषम आणि गाडी कुठल्या बाजूला होती, एवढ्यावरच कधीकधी निकाल लागतो. फलक झाडाच्या फांदीत गेला असेल, वर वाढदिवसाचा बॅनर बांधला असेल, तर लगेच फोटो काढा, लोकेशन आणि तारीख उमटणाऱ्या कॅमेऱ्याने. पण फुटपाथवर, झेब्रा क्रॉसिंगवर, कुणाच्या गेटसमोर किंवा उभ्या गाडीच्या बाजूला दुसरी रांग करून लावली असेल, तर फलक नव्हता हे कारण चालत नाही. तिथे फलकाची गरजच नसते.

गाडी दुसरीकडे होती असं म्हणायचं असेल तर त्याचा पुरावा त्याच तासाचा हवा. चारचाकी असेल तर फास्टॅगचं स्टेटमेंट. सर्व्हिसिंगला दिली असेल तर गॅरेजचं जॉबकार्ड. सोसायटीच्या गेटवरची नोंदवही. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांतच पुसलं जातं, त्यामुळे उशिरा कळलेल्या चलानात त्याची आशा कमी. गाडी विकली असेल आणि चलान विक्रीनंतरचं असेल, तर डिलिव्हरी दिल्याचा कागद आणि मालकी बदलाच्या फॉर्म २९, ३० च्या प्रती काढा. राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते केलं नसेल तर कागदावर मालक अजून तुम्हीच आहात.

दोन मुदती माहीत असू द्या, त्या तारखांच्या कागदाशी ताडून बघायच्या आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्यासारख्या इलेक्ट्रॉनिक साधनाने पकडलेल्या गुन्ह्यांसाठी तो आहे आणि चुकीच्या जागी लावलेली गाडी त्यात येते. त्याने नोटीस १५ दिवसांत पाठवायची असं सांगितलं, आणि तिच्यासोबत नंबरप्लेट दिसणारा स्पष्ट फोटो, जागा, तारीख, वेळ आणि मोडलेलं कलम हवं असंही. नियमांत दुरुस्त्या होत राहतात, म्हणून तुमच्या चलानाच्या तारखेला नियम कसा होता तेच वाचा. दुसरी मुदत कोर्टाची. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल सहा महिन्यांनंतर कोर्टाने घेऊ नये, असं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होतं आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. उशीर माफ करण्याचा अधिकारही कोर्टाला आहे, तेव्हा हा हुकमी एक्का समजू नका. पण दोन-तीन वर्षांपूर्वीचं चलान अचानक समोर आलं आणि ते कधी कोर्टात गेलंच नसेल, तर अर्जात हा मुद्दा लिहायलाच हवा.

अर्ज कुणाला करायचा, यात माणसं चुकतात. ठाणे जिल्हा आणि ठाणे पोलीस आयुक्तालय एक नव्हे. कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर ठाणे शहर आयुक्तालयात येतात. ऐरोलीचा पूल ओलांडला की नवी मुंबई आयुक्तालय, मुलुंड चेकनाक्यापलीकडे मुंबई, आणि घोडबंदर रोडने गायमुख सोडून काशीमिऱ्याकडे उतरलात की मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय, जे २०२० मध्ये वेगळं झालं. चलानावर ज्यांचं नाव आहे त्यांच्याच वाहतूक शाखेकडे जायचं. घराजवळच्या चौकीत जाऊन उपयोग नाही.

आधी पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार नोंदवा, तिचा नंबर जपून ठेवा, आणि त्यानंतर कागदी अर्ज द्या. एका पानाचा, त्याहून मोठा नको. प्रति, मा. पोलीस उपायुक्त, वाहतूक शाखा. विषयात चलान क्रमांक आणि गाडी क्रमांक. पहिल्या परिच्छेदात काय मागताय ते स्पष्ट: 'हे चलान रद्द करावे'. मग कारण, एक किंवा दोन. नोटीस न मिळाल्याचं कारण दुसऱ्या नंबरवर ठेवा आणि असं लिहा: 'सदर चलानाची नोटीस वा संदेश मला आजतागायत प्राप्त झालेला नाही, दिनांक अमुक रोजी रस्त्यावरील तपासणीत प्रथम माहिती मिळाली.' प्राप्त झाला असेल आणि दुर्लक्ष केलं असेल, तर हे वाक्य लिहू नका. पाठवल्याची नोंद त्यांच्याकडे असते, आणि एक वाक्य खोटं निघालं की बाकीचा खरा अर्जही जातो.

सोबत जोडायचं ते असं: आरसीची, लायसन्सची आणि आधारची झेरॉक्स, प्रत्येकीवर स्वतःची सही, चलानाची प्रिंट, शेजारी लावलेल्या फोटोंचं पान, मोबाइल नंबरचा स्क्रीनशॉट, पत्त्याचे कागद. सगळ्याच्या दोन प्रती, एक त्यांना, एक तुमच्याकडे. मूळ कागद दाखवायला न्या, द्यायचे नाहीत. गाडी ज्याच्या नावावर आहे तो येऊ शकत नसेल तर साध्या कागदावर अधिकारपत्र घ्या, 'माझ्या वतीने माझी मुलगी अमुक हिला अर्ज देण्यास व माहिती घेण्यास अधिकार देत आहे', दोघांच्या सह्या आणि मालकाच्या आधारची प्रत. मी पहिल्या दिवशी हे न नेता गेले आणि माघारी आले.

आवक-जावक टेबलावर अर्ज दिला की आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी शांतपणे म्हणा, "साहेब, पोच द्या, बाबांना दाखवायचीय." देतात. अगदीच नाही दिली तर स्पीड पोस्टाने पाठवा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, तेव्हा खिडकीवर पोचपावतीसह स्पीड पोस्ट मागा, आणि ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' दिसलं की त्याच दिवशी प्रिंट काढा.

नोटीस खरंच पाठवली होती का, हे कागदावर हवं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. म्हणून भाषण नको, तीनच गोष्टी मागा: या चलानाची नोटीस कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने, कोणत्या पत्त्यावर वा मोबाइल नंबरवर पाठवली, त्या नोंदीची प्रत, मूळ फोटो, आणि त्या रस्त्यावर नो पार्किंग जाहीर केलेल्या अधिसूचनेची प्रत. 'नोंद उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर तो तुमच्या फाइलमधला सगळ्यात मोलाचा कागद.

आमच्या पहिल्या चलानाचं काम दोन फेऱ्यांत झालं. तिथल्या बाईंनी शेजारी लावलेले फोटो बघितले, आकड्यावर पेन टेकवलं, आतल्या साहेबांना दाखवून आल्या आणि म्हणाल्या, "हे निघेल. आठ दिवसांनी पोर्टलवर बघा." आठचे बावीस झाले, पण निघालं. अर्जात नोटिशीबद्दल लिहिलं होतं ते कुणी वाचलंही नसावं.

दुसरं चलान मात्र बाबांचंच होतं. तलावपाळीजवळ औषधं घ्यायला गेले होते, लाल स्कूटर, स्टिकर, सगळं स्वच्छ दिसत होतं. त्याची नोटीसही आली नव्हती, पण त्यासाठी भांडायला बाबा तयार नव्हते, आणि मीही नव्हते. प्रश्न फक्त १५०० चा होता. त्यासाठी आम्ही राष्ट्रीय लोकअदालत धरली. ती वर्षातून साधारण चार वेळा भरते, आणि कोर्टात न गेलेली थकीत चलानंही तिच्यापुढे ठेवतात. जाण्याआधी हे पक्कं समजून घ्या की तिथे निर्दोष ठरवत नाहीत, तडजोड होते. एकदा सही झाली की त्यावर अपील नाही. दंडच चुकीचा आहे असं तुमचं म्हणणं असेल तर तिथे सही करू नका, प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालवायचं आहे असं सांगा. त्यासाठी आणखी एक-दोन दिवस मोडतील, तेवढी मनाची तयारी हवी.

आम्ही कोर्ट नाक्याला सकाळी साडेनऊला पोचलो. सोबत फाइल, पाण्याची बाटली, बाबांची दुपारची गोळी आणि पहिलं चलान रद्द झाल्याची प्रिंट. पॅनेलसमोर बाबा स्वतः बोलले: "दुसरं माझंच आहे, पण पहिलं रद्द झालंय, तेव्हा हे पहिलं धरा." त्यांनी प्रिंट बघितली आणि ५०० वर तडजोड केली. बाबांनी पावती दोनदा वाचली, घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. घरी गेल्यावर ती विजेच्या बिलांशेजारी लागली.

एक काम उरतं, ते याच आठवड्यात करा, चलान असो वा नसो. परिवहनच्या पोर्टलवर गाडीला जोडलेला मोबाइल नंबर स्वतःचा करून घ्या, आणि घर बदललं असेल तर फॉर्म ३३ भरून आरसीवरचा पत्ताही. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गाड्यांचं आधी बघा. बाबांच्या स्कूटरला आता त्यांचा नंबर आहे. बदल झाल्याचा मेसेज आला तेव्हा ते गॅलरीत होते. चष्मा लावून तो मोठ्याने वाचला आणि मला फोन केला, "आला बघ."